कोरड्या विहिरीतला लंबक

पृथ्वी वस्तूंना किती जोरानं खाली ओढते, हा आकडा आमच्या कॉलेजात बावीस वर्षं मी ठरवत होतो. निवृत्तीनंतर या भानुदासला चढली, असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी शास्त्रज्ञ नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. बीडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. पोरं 'मामा' म्हणायची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आणि चार महिन्यांत त्याच कॉलेजात नोकरी लागली. मग बाकावरून उठलो आणि कपाटापाशी जाऊन उभा राहिलो. पदवी राहिली ती राहिलीच. ती सल आहे, लपवत नाही.

प्रयोगशाळेतला मामा काय करतो? कागदोपत्री सांगायचं तर उपकरणं काढून देतो, पुसून ठेवतो, फ्यूज बांधतो, परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना चहा-चिवडा देतो. खरं काम निराळं. प्रयोगात अडकलेलं पोरगं सरांकडे जात नाही, ते मामाकडे येतं आणि खालच्या आवाजात विचारतं, "मामा, रीडिंग किती यायला पाहिजे?" मी फडक्यानं टेबल पुसत पुसत आकडा सांगायचो. पोरगं तो लिहायचं, त्यावरून उलटं गणित करून मधले आकडे भरायचं, आणि सर वहीवर सही ठोकायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांनी माझा आकडा घाईत दहापट करून लिहिला. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "ह्याच्या घरी पोळी तव्यावरून उचलायला चौघं लागत असतील."

तर तो आकडा. त्याला 'जी' म्हणतात. हातातून सुटलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो, तो जी. पुस्तकात तो सेंटिमीटरमध्ये ९८० लिहिलेला असतो. तो मोजायला आमच्याकडे एक पितळी लंबक होता. हातभर लांब दांडी आणि तिला दोन पोलादी सुऱ्या बसवलेल्या. सुरी म्हणजे कांदा चिरायची नव्हे, बोटाएवढा धारदार तुकडा. त्या धारेवर दांडी टेकवायची आणि झुलवायची. मग दांडी उलटी करून दुसऱ्या धारेवर झुलवायची. वजनं सरकवत सरकवत दोन्हीकडचा झोका सारख्या वेळेचा झाला, की दोन धारांमधलं अंतर मोजायचं. अंतर आणि वेळ यांवरून जी निघतो. सांगायला सोपं आहे, करायला अख्खी दुपार जाते आणि मान मोडते.

माझ्या आधी तिथे आप्पा होते. निवृत्त होताना त्यांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद दाखवला. त्यावर सगळ्या प्रयोगांचे आकडे होते. "भानुदास, ह्यो तक्ता सांभाळ," ते म्हणाले. "सर येत्याल, जात्याल. तक्ता हाय तंवर कालेज हाय." तक्त्यात जीच्या समोर ठसठशीत ९८० होता.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून तो लंबक पडला आणि एक सुरी टवकली. मी घाबरून ती रशीदभाईंकडे नेली. रशीदभाई म्हणजे बीडच्या जुन्या बाजारातले खराद मशीनवाले, लेथवर लोखंड कातणारे. ट्रकच्या दांड्यापासून शिलाई मशीनच्या चाकापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांनी आठ दिवस घेतले आणि आरशासारखी चकाकणारी नवी सुरी करून दिली. मी हौसेनं त्या वेळच्या सरांबरोबर बसून प्रयोग केला. उत्तर आलं ९७८. पुन्हा केला. ९७८. सरांनी जुन्या वह्या काढल्या. सगळ्या वह्यांत ९८०. "सुरी चुकलीय," सर म्हणाले. मी जाऊन रशीदभाईंना तसंच सांगितलं.

ते बराच वेळ हातातल्या चिंधीनं हात पुसत राहिले. "माझा हात आजपर्यंत चुकला न्हाई, भानुदासराव," ते म्हणाले. "पन कालेज म्हनतंय तर चुकला आसंल."

त्यानंतर कॉलेजचं काम त्यांच्याकडे गेलं नाही. मी आप्पांचा तक्ता उघडला आणि पोरांना सांगू लागलो: सुरी बिघडलेली आहे, प्रयोग करून उपयोग नाही, नऊशे ऐंशी लिहा. अशा बावीस बॅचा गेल्या.

मग इद्रीस आला.

इद्रीस सुदानचा. त्या काळी आमच्या भागातल्या कॉलेजांत सुदान-येमेनची पोरं शिकायला यायची. हा मात्र पोरगा म्हणावा असा नव्हता. तिशी गाठलेला, सहा फूट उंच, बोलायला मऊ. त्याच्या गावी नवं हायस्कूल निघालं होतं आणि तिथली विज्ञानाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती; अट एकच, एम.एस्सी. करून यायचं. राहायला तो रशीदभाईंच्या दुकानावरच्या माडीवर. त्यामुळे सहा महिन्यांत गडी असली दखनी बोलायला लागला की मंडईतले फळवाले त्याला औरंगाबादचा समजत. पुस्तकी हिंदी त्याला कळायची नाही. "नक्को," "हौ," "कैकू" मात्र आईच्या दुधातून आल्यासारखं.

पाण्याच्या बाबतीत त्याची चेष्टा करायला मला आवडायचं. त्याचं गाव नाईल नदीच्या काठी, वाळवंटाच्या कुशीत. त्याला वाटलं होतं हिंदुस्थान म्हणजे हिरवंगार. आणि आला तो बीडला, तोही लागोपाठ दुसऱ्या दुष्काळात. गावात आठ दिवसांनी नळ, खेड्यांत टँकर, जनावरं छावणीत. एकदा मी त्याला एक बादली दाखवून म्हणालो, "ही आंघोळीला, हीच कपड्यांना, हीच झाडाला." तो गंभीरपणे म्हणाला, "मामा, हमारे पास रेगिस्तान है, मगर पानी है. तुमारे पास झाड़ां हैं, पानी नै. अल्ला सामान अदलाबदल करके भेज दिया." मी इतका हसलो की देशमुख सर केबिनमधून बाहेर आले.

देशमुख सर विभागप्रमुख. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा असतो. इद्रीसला धातूच्या पातळ थरांवर काम करायचं होतं. पण त्या यंत्राच्या पंपाला थंड ठेवायला सतत वाहतं पाणी लागतं. आमच्या नळाला हवासुद्धा येत नव्हती. दुसरं यंत्र विजेवर, आणि वीज आठ आठ तास गायब. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ज्याला पाणी नको आणि वीज नको असा एकच प्रयोग आपल्याकडे आहे. इद्रीस, तू बीडचा जी मोज."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. एम.एस्सी.ला अकरावीचा प्रयोग! इद्रीस हसला नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लंबक मागायला माझ्या पुढ्यात उभा.

मी नेहमीचं सांगितलं. सुरी बिघडलेली आहे, तक्ता घे, नऊशे ऐंशी लिही, दोन दिवसांत मोकळा हो.

"मामा, ये ऐंशी किसका है?" त्यानं विचारलं.

"किसका म्हणजे? पुस्तकाचा."

"पुस्तक बीड में लिखे?"

मी लंबक काढून दिला. गड्यानं वीस दिवस तो झुलवला. डोळ्याला दुर्बीण, हातात घड्याळ, तोंडात चिक्की. वीस दिवसांचं सरासरी उत्तर, नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं.

"बघ," मी म्हणालो, "रशीदभाईंची सुरी. बावीस वर्षं हेच."

इद्रीसचा चेहरा उतरला. रशीदभाईंच्या घरची भाकरी खाणारा माणूस तो. लंबक खाली ठेवत म्हणाला, "मामा, सुरीच नक्को. लंबी तार, नीचे वजन. तार लंबी रही तो गलती छोटी होती."

म्हणणं बरोबर होतं. साधा दोरीचा लंबक घ्यायचा, पण चांगला पन्नास-साठ फूट लांब. मग एक झोकाच आठ-साडेआठ सेकंदांचा होतो आणि मोजण्यातली चूक नगण्य होते. फक्त इतकी उंच आणि वारा न लागणारी जागा हवी. कॉलेज दोन मजली. पाण्याच्या टाकीखाली वारा. आम्ही दोघं गच्चीवर उभे राहून विचार करत होतो आणि समोर टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं दिसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चकलांब्याला माझ्या दाजींची विहीर! सत्तर फूट खोल, आणि दोन वर्षांत टिपूस नाही. दुष्काळानं साऱ्या जिल्ह्यात गावोगाव प्रयोगशाळा बांधून ठेवल्या होत्या आणि आम्ही गच्ची धुंडाळत होतो!

तारेला अडकवायला वजन पाहिजे. रशीदभाई लोखंडी गोळा घडवून द्यायला तयार होते, पण मी हटून बसलो. पुन्हा त्यांच्या हातचं नको, शंका राहील. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझा वर्गमित्र सुभाष कारकून होता. काट्याची तपासणी करायला त्यांच्याकडे शिक्का मारलेली वीस किलोची लोखंडी वजनं असतात. ऊस जळून गेलेला किंवा छावणीत गेलेला, कारखाना बंद, सुभाष काट्यावर बसून शेंगा खात होता.

"वजन कशाला पायजे बे?" त्यानं विचारलं.

"पृथ्वी किती ओढते ते मोजायचंय."

सुभाषनं शेंगा खाली ठेवल्या. "भान्या, काटा बरोबर हाय का न्हाई ते आमी आजवर शेतकऱ्याला पटवू शकलो न्हाई. आता तू पृथ्वीचाच काटा तपासायला निघाला व्हय?" पण वजन दिलं, पोलादी तार दिली, मोजायची पोलादी टेपही दिली. बरोबर स्वतःही आला. बंद कारखान्यात माणूस तरी किती शेंगा खाणार!

चकलांब्याला आम्ही सकाळी पोचलो. विहिरीवर आडवा लोखंडी गर्डर होता, त्याला पूर्वी पाण्याची मोटार टांगलेली असायची. इद्रीसनं तार लोखंडी चिमट्यानं त्याला घट्ट आवळली, खाली वीस किलोचं वजन लोंबकळत ठेवलं, आणि दोराला धरून स्वतः विहिरीत उतरला. वर दाजी तोंडात तंबाखू धरून बघत होते.

"का रं भानुदास, ह्यो पावना कोन?"

"सुदानचा विद्यार्थी आहे दाजी. पदार्थविज्ञानाचा."

दाजींनी एवढंच ऐकलं की परदेशातून उंच काळा माणूस आला आहे, विहिरीत वजन टांगतो आहे आणि ते हलतं आहे. आमच्याकडे पाणाडे असेच नारळ नाही तर डहाळी हलवून जमिनीतलं पाणी सांगतात. दाजी वळले आणि गावाच्या दिशेनं चालू लागले. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास माणसं विहिरीभोवती. कुणी नारळ आणला, कुणी हळदकुंकू. खास सुदानहून मागवलेला पाणाड्या!

मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कुणाला पटेना. शेवटी इद्रीस विहिरीच्या तळातून ओरडला, "मामा, लोगां को काम पे लगाव! झोके गिनने दो!"

मग जी धमाल झाली तिला तोड नाही. शंभर झोके मोजायचे होते. पन्नास माणसं एका सुरात मोजायला लागली. "एऽऽक… दोऽऽन…" साडेआठ सेकंदांनी एक आकडा, म्हणजे मध्ये बोलायला भरपूर वेळ. सव्वीसला दोघांत भांडण लागलं, सव्वीस की सत्तावीस. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला एक्क्याऐंशीपर्यंत गाडी सुरळीत आली आणि रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. क्षणात विहीर मोकळी! पन्नासच्या पन्नास माणसं घागरींकडे धावली. सुभाषही सवयीनं दहा पावलं पळाला आणि ओशाळून परत आला. खाली इद्रीस एकटाच वर तोंड करून ओरडत होता, "ब्यांशी किसने गिना? कैकू चुप बैठे?"

तिसऱ्या खेपेला मात्र सोजरमावशी आल्या. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी मांडीवर दोन वाट्या ठेवल्या, एकीत ज्वारी. प्रत्येक झोक्याला एक दाणा इकडून तिकडे. तोंडानं गप्पा, हातानं दाणे. भरलेल्या घागरी घरी ठेवून लोक परत आले होते, कारण आता सगळ्यांनाच चेव चढला होता. शंभरावा झोका झाला तेव्हा वाटीत मोजून शंभर दाणे होते. इद्रीस वर आला आणि मावशींच्या पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं आम्ही दिवसभरात पाच वेळा केलं. तारेची लांबी वजन लटकत असतानाच प्रत्येक वेळी मोजली.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "बाबा, आता सांग. पानी किती फुटावर हाय?"

इद्रीसनं हात जोडले. "मावशी, पानी का मेरेकू नै मालूम. झूट नै बोलता. धरती कितना खींचती, वो नापा."

मी त्यांना मराठीत सांगितलं. मावशी म्हणाल्या, "वढती न्हवं? मंग आमचं पानीबी तिनंच वढलंय की. तिला इचारायला पायजे."

आम्ही सगळे हसलो. मावशीही हसल्या. इद्रीस मात्र वही उचलून दाजींच्या अंगणाकडे चालू लागला.

अंगणात बसून त्यानं आकडेमोड केली आणि वही माझ्या पुढ्यात सरकवली. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. सुरी नाही, खराद नाही, रशीदभाई नाहीत, आणि तरीही अठ्ठ्याहत्तरच. मग त्यानं समजावलं. पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही. ध्रुवाकडे जास्त, विषुववृत्ताकडे कमी, उंच पठारावर आणखी कमी. पुस्तकातला ९८० हा ढोबळ आकडा. बीडचा अठ्ठ्याहत्तरच असायचा.

दाजींनी तंबाखूची पिंक टाकली. "म्हंजे बाकी दुनियेपरीस आपल्याकडं वढ कमी? पाऊस कमी, काट्यावर कमी, आता हितंबी कमीच!"

सुभाष गडबडा लोळून हसला. मला मात्र हसू येईना. ती सुरी बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती. बावीस वर्षं मी एका सच्च्या कारागिराला चुकीचा ठरवून, त्याच्याच दुकानावरून रोज सायकलनं जात होतो. परत येताना ठरवलं, उद्या जाऊन सांगायचं, आणि मीच सांगणार म्हणून इद्रीसलाही गप्प राहायला लावलं. उद्याचा परवा झाला. सांगायचं तर तक्त्याचंही सांगावं लागणार, आणि तक्ता बाहेर आला तर नोकरी गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला महिनाभर रोज खवखवत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पांढरे केस, जाड चष्मा, चिवड्याला हात न लावणारे. त्यांनी इद्रीसचा प्रकल्प पानापानानं वाचला. विहिरीचा फोटो बघून भुवया उंचावल्या. मग म्हणाले, "तुझी पद्धत चांगली आहे. पण मी तुमच्या वह्या चाळल्या. हेच कॉलेज, हाच लंबक. मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ९८० आलाय. तुला एकट्याला ९७८. एवढी मुलं चुकली आणि तू एकटा बरोबर, हे मी कशावरून मानू?"

इद्रीस इंग्रजीत उत्तरं देत होता, चांगली देत होता, ध्रुव-विषुववृत्ताचं गणितही मांडून झालं होतं, पण या प्रश्नाला तो थांबला. त्याला उत्तर माहीत होतं. तक्ता मी स्वतः त्याला दाखवला होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव तो घेणार नव्हता.

"पुढच्या सत्रात पुन्हा मोजमाप कर," परीक्षक म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढचं सत्र इद्रीससाठी नव्हतंच. त्याचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. पदवीशिवाय परत, म्हणजे हायस्कूलची जागा गेली. देशमुख सर खिडकीबाहेर बघत होते. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला.

"साहेब, ती एवढी मुलं नाहीत," मी म्हणालो. "तो मी एकटाच आहे."

मी कपाट उघडलं आणि दाराच्या आतला तक्ता दाखवला. आप्पांचा, त्याखाली माझ्या अक्षरात वाढवलेला. सगळं सांगितलं: टवकलेली सुरी, रशीदभाई, जुन्या वह्या, बावीस बॅचा. बोलायला लागलो तसं अंगावरचं ओझं उतरत गेलं. शेवटी तर मी जरा जोरातच म्हणालो, "बीडचा खरा जी मोजून तोच वहीत लिहिणारा हा पहिला माणूस आहे साहेब, आणि तुम्ही त्याला नापास करताय!"

परीक्षकांनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापले. ते हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "मामा, सोडियमच्या प्रकाशाचा आकडासुद्धा चुकलाय तुमचा." मग कोट काढला, लंबक मागवला आणि स्वतः घड्याळ घेऊन बसले. दोन तास बसले. चिवडाही खाल्ला. उत्तर आलं ९७८. त्यांनी इद्रीसच्या पाठीवर थाप मारली आणि सही केली.

मला मेमो मिळाला. तो अजून जपून ठेवलाय. तक्ता देशमुख सरांनी माझ्याच हातानं फाडायला लावला. त्या क्षणी आप्पांची आठवण येऊन वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटलं. परीक्षकांच्या घड्याळावर जेव्हा अठ्ठ्याहत्तर आला, तेव्हा इद्रीसच्या तोंडावर जो आनंद फुटला, तो बावीस बॅचांतल्या एकाही पोराच्या तोंडावर मी फुटू दिला नव्हता. मला वाटायचं मी त्यांना मदत करतोय.

तिथून सायकल थेट जुन्या बाजारात. रशीदभाई मशीनवर वाकले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी मशीन बंद केलं, चिंधीनं हात पुसले, आणि उठून मागच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तेलाच्या कापडात गुंडाळलेली एक सुरी होती. आमच्या लंबकावरच्या सुरीची जोडीदार.

"त्या वक्ताला दोन केल्त्या," ते म्हणाले. "एक तुला दिली, एक टेस्टला ठिवली. दर रमजानच्या आधी काढतो, भिंग लावून बघतो. कुटं चुकलो, कुटं चुकलो. बावीस साल झाले, मला काय घावलं न्हाई."

मला रडू फुटलं. भर बाजारात, ट्रकवाले बघत असताना. रशीदभाईंनी तीच तेलकट चिंधी माझ्या हातात दिली. मी तिनं डोळे पुसले, आणि माझं काळंकुट्ट तोंड बघून ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. माडीवरून इद्रीस धावत खाली आला. मग तिघंही हसत बसलो. त्या दिवशी त्यांच्या घरात शीरखुर्मा झाला, ईद नसताना.

इद्रीस गेला. वर्षानं पत्र आलं. तो हायस्कूलमध्ये शिकवतो, आणि शाळेत त्यानं लंबक टांगला आहे. तिथला जी आणखी थोडा कमी निघाला, म्हणून दाजींना सांगा की आपण शेवटचे नाही. चकलांब्याच्या विहिरीला पुढे दोन वर्षांनी पाणी लागलं. गावानं त्याचं श्रेय कुणाला दिलं हे सांगायला नको. दाजी अजूनही म्हणतात, "सुदानवाल्याचा हात लई गुनाचा."

एक गंमत राहिली. इद्रीस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी दुकानावर पाटी रंगवून घेतली. नाव नाही, फोन नाही, नुसतं मोठ्या लाल आकड्यांत ९७८.४. गिऱ्हाइकांना तो गाडीचा नंबर वाटायचा. मी जाता-येता सलाम करायचो. आणि मग वर्षअखेरीला वह्या तपासायला आल्या. एकूण एक पोराचं उत्तर, ९७८.४! कार्टी कॉलेजला त्याच रस्त्यानं यायची.

मी डोक्याला हात लावला आणि रशीदभाईंना जाऊन म्हणालो, पाटी पुसा. ते खवळले. "बावीस सालानं माझा आकडा लागलाय. पुसनार न्हाई!" मी पोरांच्या वह्यांचा सगळा प्रकार सांगितला. चहा घेतला आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर रशीदभाई शिडीवर उभे होते, हातात पांढऱ्या रंगाचा ब्रश. त्यांनी फक्त शेवटचा आकडा झाकला होता. पाटीवर उरलं होतं, ९७८ आणि एक टिंब.

"टिंबाच्या फुडलं ज्यानं त्यानं मोजावं," ते वरून म्हणाले.